"उल्लेखनीय नाही" असं लिहिण्याआधी

प्रति,
मराठीतल्या ऑनलाइन ज्ञानकोशांवर नोंदी तपासणारे, ठेवणारे आणि वगळणारे सर्व प्रचालक व संपादक

विषय : व्यक्तींच्या नोंदी वगळण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, 'ब' वर्गाच्या सार्वजनिक वाचनालयात मी ३१ वर्षं ग्रंथपाल होते. निवृत्तीनंतर नातवानं लॅपटॉपवर मराठी टायपिंग शिकवलं. तेव्हापासून, म्हणजे गेली तीन वर्षं, रात्रीची जेवणं आटोपली की तास-दीड तास मी ऑनलाइन ज्ञानकोशावर लिहिते. कुणाचं जन्मसाल चुकलं असेल तर दुरुस्त करायचं, कुठे संदर्भ जोडायचा, एखाद्या गावाची दोन ओळींची नोंद दोन परिच्छेदांची करायची, असं काम. याचे मला पैसे मिळत नाहीत आणि तुम्हालाही मिळत नाहीत, हे मला ठाऊक आहे. म्हणून रागाच्या भरात लिहिलेलं हे पत्र मी दोनदा फाडलं आणि आता शांतपणे तिसऱ्यांदा लिहिते आहे.

गेल्या फेब्रुवारीत मी एका वगलेखकाची नोंद लिहिली. तिसऱ्या दिवशी ती गायब. कारण म्हणून एवढंच लिहिलं होतं : "व्यक्ती उल्लेखनीय नाही. गूगलवर काहीही सापडत नाही." ज्ञानकोश कोणता आणि प्रचालक कोण, हे मी सांगणार नाही. एका माणसाला चव्हाट्यावर आणून काही साधणार नाही आणि हीच ओळ मी इतरांच्या नोंदींबद्दलही वाचली आहे. वगलेखकाचंही नाव इथे देत नाही; त्यांच्या घरच्यांची तशी इच्छा आहे. त्यांना मास्तर म्हणते. तमाशाच्या फडात सगळे तेच म्हणायचे.

तमाशात गण, गौळण, बतावणी झाली की वग लागतो. थंडीत घोंगडी पांघरून बसलेल्या माणसांना पहाटेपर्यंत जागेवर धरून ठेवायचं, हे वगाचं काम. पठ्ठे बापूरावांची नोंद सगळीकडे आहे, विठाबाईंची आहे, आणि ती असायलाच हवी. पण रात्रभराचं नाट्य ज्यानं लिहिलं तो माणूस कनातीमागे असतो. त्याचं नाव सरदार, म्हणजे फडाचा प्रमुख, सुरुवातीला एकदा घेतो, तेही घेतलं तर. मास्तरांनी तीसेक वर्षं निरनिराळ्या फडांना वग लिहून दिले. मी नोकरीला लागले तेव्हा ते साठीला आले होते. दर मंगळवारी, बाजाराच्या दिवशी, पिशवीत भाजी घेऊन वाचनालयात यायचे आणि पिशवी दाराबाहेर ठेवून आत यायचे. बखरी न्यायचे, ऐतिहासिक कादंबऱ्या न्यायचे, गाजलेल्या खटल्यांची पुस्तकं न्यायचे. फड दसऱ्याला बाहेर पडतात, त्याआधी वग बसलेला हवा, म्हणून त्यांचं लिहिणं पावसाळ्यातलं. आमच्या देवघेवीच्या रजिस्टरात आषाढ-श्रावणातल्या पानांवर त्यांच्या सह्या आहेत. कोणत्या साली कोणतं पुस्तक नेलं आणि त्या दसऱ्याला कोणता वग आला, हे ताडून पाहिलं तर बऱ्याच ठिकाणी मेळ बसतो. मी निवृत्त होण्याआधी ती पानं काढून पाहिली होती.

एकदा मी त्यांना विचारलं होतं, "मास्तर, एखादा तरी वग छापून घ्या की. वाचनालयात ठेवता येईल."

ते म्हणाले, "बाई, छापला की दुसऱ्या फडाचा झाला."

वग बाडात, म्हणजे हस्तलिखित वहीत, लिहिलेला असायचा, बाड फडमालकाच्या पेटीत आणि पेटीची किल्ली मालकाच्या करगोट्याला. ज्या धंद्यात छापणं म्हणजे पोटावर पाय, त्या धंद्यातल्या माणसाकडे तुम्ही छापील पुस्तकांची यादी मागता आहात. माझं सगळं म्हणणं इथून सुरू होतं.

तरीही मी संदर्भ दिले होते. १९८६ च्या एका दिवाळी अंकातला चार पानांचा लेख. तमाशावरच्या एका पुस्तकातली दीड पानं. एका विद्यापीठाला सादर झालेल्या पीएच.डी. प्रबंधातली अकरा पानं, ज्यात त्यांच्या २७ वगांची यादी आहे. ते वारले तेव्हा दोन जिल्हा दैनिकांत आलेली बातमी, तारीख आणि पानासह. यातलं काहीही मास्तरांनी किंवा त्यांच्या घरच्यांनी लिहिलेलं नाही. शासनाच्या वृद्ध कलावंत मानधनाच्या यादीतही ते होते, पण तो संदर्भ मी मुद्दाम दिला नाही, कारण त्यासाठी अर्ज त्यांनी स्वतः केला होता. स्वतंत्र संदर्भ म्हणजे काय, हे मला कळतं.

माझ्या नोंदीत चुका होत्या. "तमाशासृष्टीतला तेजस्वी तारा" असे शब्द मी लिहिले होते. ते ज्ञानकोशात चालत नाहीत आणि चालूही नयेत. एका फडाचं नाव मी ऐकीव माहितीवरून घातलं होतं. ते वाक्य काढलं असतं, वर "भाषा सुधारा" अशी सूचना लावली असती, तर मी दुसऱ्या दिवशी बसून दुरुस्त केलं असतं. नोंदच गेली.

आठवड्यानं मास्तरांच्या सुनेचा फोन आला. नोंद झाली तेव्हा मीच त्यांना कळवलं होतं, त्यांनी ती भावकीत सगळ्यांना पाठवली होती. त्या म्हणाल्या, "ताई, आबांचं पान उघडत न्हाई. 'उल्लेखनीय न्हाई' असं कायतरी येतंय. म्हंजे आबांनी काय केलंच न्हाई का?"

मला त्यांना नीट उत्तर देता आलं नाही.

आता माझ्या तक्रारी.

पहिली या शब्दाबद्दलच आहे. तुमच्या-माझ्या कामात 'उल्लेखनीय' हा पारिभाषिक शब्द आहे. विषयाशी ज्यांचा संबंध नाही अशा विश्वासार्ह लोकांनी त्या विषयावर पुरेसं लिहिलेलं आहे, एवढाच त्याचा अर्थ. तो माणसाच्या थोरवीबद्दल काही सांगत नाही, त्याच्यावर झालेल्या लिखाणाबद्दल सांगतो. पण मराठी माणूस हा शब्द मराठी म्हणून वाचतो. 'उल्लेखनीय नाही' म्हणजे नाव घेण्याजोगा नाही. सुनेनं तसंच वाचलं आणि तिची चूक नव्हती. "पुरेसे स्वतंत्र संदर्भ मिळाले नाहीत" असं लिहायला तीन शब्द जास्त लागतात. ते खरं असतं, त्यात कुणाचा पाणउतारा नसतो आणि लिहिणाऱ्याला पुढे काय करायचं हेही कळतं.

दुसरी आणि माझ्या लेखी सगळ्यात मोठी तक्रार : "सापडत नाही" आणि "नाही" यांत तुम्ही फरक करत नाही.

गूगलवर मास्तर का सापडत नाहीत, ते मी सांगते. त्यांना तीन नावं होती. कागदोपत्री एक, फडात 'मास्तर', आणि कलावंतांच्या रीतीप्रमाणे गावावरून लावलेलं 'कर' असं तिसरं. निधनाच्या बातमीत पहिलं आहे, प्रबंधात तिसरं आहे, दिवाळी अंकात दुसरं-तिसरं मिसळून आहे. तुम्ही बहुधा पहिलंच नाव टाकून पाहिलंत. प्रबंध इंटरनेटवर आहे, पण पानांचे फोटो काढून चढवलेला आहे, त्यातलं एकही मराठी अक्षर शोधयंत्राला वाचता येत नाही. जिल्हा दैनिकांची गोष्ट आणखी वेगळी. साधारण २००० ते २०१० या काळात कित्येक मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळं आपापल्या फॉन्टमध्ये होती, युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना वाचता येणाऱ्या एकाच लिपिसंकेतात, नव्हती. तेव्हाच्या बातम्या आज शोधून मिळत नाहीत. दुवे मेलेत आणि उघडलेच तर पडद्यावर खुणांचा खच दिसतो. त्याआधीचा काळ तर सगळा कागदावर. आमच्या वाचनालयाच्या माळ्यावर वर्तमानपत्रांच्या बांधीव फायली होत्या. १९९० च्या आधीच्या फायली जागेअभावी रद्दीत द्याव्या लागल्या, आणि तो निर्णय झाला त्या बैठकीत मीही होते. मी विरोध केला, पण तो पुरेसा नव्हता. आजही एखाद्याचा संदर्भ शोधताना मला त्या फायली आठवतात. त्या पोत्यांत काय काय गेलं, हे सांगायला आता कुणी नाही.

म्हणजे मराठीत एखाद्या माणसाबद्दल लिहिलं गेलं आणि ते आज पडद्यावर दिसतं, या दोन गोष्टींच्या मध्ये इतक्या गाळण्या आहेत. त्यातून जे खाली येतं तेवढंच तुम्ही पाहता आणि निर्णय देता. इंग्रजीत काम करणाऱ्याला ही अडचण थोडी आहे, तुम्हा-आम्हाला रोजची आहे. इंग्रजी विकिपीडियाच्या नियमांत स्पष्ट आहे की संदर्भ अस्तित्वात आहेत का हे पाहायचं, ते नोंदीत आत्ता जोडलेले आहेत का एवढ्यावर थांबायचं नाही. वगळण्याचा प्रस्ताव मांडणाऱ्यानं आधी स्वतः शोध घ्यावा, अशीही तिथे अपेक्षा आहे. वादाचा विषय असेल तर चर्चा साधारण सात दिवस चालते. माझ्या नोंदीला तीन दिवसही मिळाले नाहीत, आणि त्यातला एक रविवार मी लग्नाला गेले होते.

या नियमांनीही चुका होतात. २०१८ च्या मे महिन्यात डॉना स्ट्रिकलंड या भौतिकशास्त्रज्ञ बाईंच्या नोंदीचा मसुदा इंग्रजी विकिपीडियावर नाकारला गेला. दिलेल्या संदर्भांतून त्यांची पात्रता दिसत नाही, असं कारण दिलं होतं. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात त्या शिकवत होत्या, २०१३ मध्ये अमेरिकेतल्या ऑप्टिकल सोसायटीच्या अध्यक्ष होत्या, आणि लेझरवरचं त्यांचं मुख्य काम १९८५ सालचं होतं. २ ऑक्टोबर २०१८ ला त्यांना नोबेल जाहीर झालं. भौतिकशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या त्या तिसऱ्या स्त्री. आधी १९०३ मध्ये मेरी क्यूरी आणि १९६३ मध्ये मारिया गेपर्ट मायर. नोबेलच्या दिवशी नोंद तयार झाली. मे आणि ऑक्टोबर यांच्या मध्ये स्ट्रिकलंडबाईंनी काही वेगळं केलं नव्हतं. मला त्या तपासनिसाला दोष द्यायचा नाही. समोर आलेल्या मसुद्यापुरतं त्याचं बरोबरच असेल. पण आमच्या मास्तरांना नोबेल मिळणार नाही. त्यांच्यासाठी असा ऑक्टोबर येणार नाही.

आपल्याकडचं बघा. बहिणाबाई चौधरी १९५१ च्या डिसेंबरात वारल्या. मुलानं, सोपानदेवांनी, जपलेली त्यांची गाणी अत्र्यांच्या पुढाकारानं पुस्तकरूपानं आली १९५२ साली. त्या वारल्या त्या दिवशी त्यांची नोंद लिहायला कुणी बसलं असतं, तर छापील आधार काय दाखवला असता? ताराबाई शिंदे यांचं 'स्त्री-पुरुष तुलना' हे पुस्तक १८८२ चं. स. गं. मालशे यांनी ते पुन्हा उजेडात आणलं १९७५ मध्ये. मधल्या त्र्याण्णव वर्षांत संदर्भ नव्हते असं नाही; पुस्तक होतं, जोतीरावांनी त्याची बाजू घेऊन लिहिलंही होतं. शोधणारा नव्हता.

बहिणाबाईंची नोंद १९५१ मध्ये व्हायला हवी होती, असं मी म्हणत नाही. ज्ञानकोश हा शोध लावण्याची जागा नाही. आधी कुणीतरी लिहावं, मग आपण त्याचा सारांश द्यावा, हे मला मान्य आहे. पण जिथे लिहिलेलं आहे, तिथे तरी तपासा. मास्तरांवरची ती अकरा पानं लिहिलेली होती.

तिसरी तक्रार वेगवेगळ्या वजनकाट्यांची.

तुमची बाजू मी विसरले नाही. गावोगावच्या "युवा नेतृत्व", "समाजभूषण" मंडळींच्या नोंदी रोज येतात. वाढदिवसाच्या फ्लेक्सवरचा मजकूर जसाच्या तसा उतरवलेला असतो. मी स्वतः अशा चाळीसेक नोंदी वगळायला सुचवल्या आहेत. एकदा एका नोंदीखाली चार पोर्टलचे चार संदर्भ होते. उघडून पाहिलं तर चारही ठिकाणी तोच मजकूर, तीच तारीख, आणि 'कर्तृत्व' हा शब्द चारही ठिकाणी एकाच पद्धतीनं चुकलेला. पैसे देऊन छापून आणलेलं ते. या पुराला तुम्ही बांध घालता म्हणून ज्ञानकोश वाचण्यासारखा राहतो, हे मी मनापासून मानते. नियम सैल करा, असं या पत्रात कुठेही म्हटलेलं नाही.

पण गूगलवर काय दिसतं हा निकष लावला, तर हाच फ्लेक्सवाला पास होतो आणि वगलेखक नापास होतो, हे लक्षात घ्या. चार दुवे त्याच्याकडे आहेत. ज्याला रोखायचं त्याच्याच सोयीचा हा निकष आहे.

आणि काही क्षेत्रांना तर दारच मोकळं असतं. मालिकेत दोन भागांपुरतं आलेल्या कलाकाराची नोंद महिनोन्महिने राहते. क्रिकेटचं तर विचारूच नका. इंग्रजी विकिपीडियावर कित्येक वर्षं प्रथम दर्जाचा एक सामना खेळला की नोंद ठरलेली, अशी रीत होती. नुसत्या सहभागावर नोंद देण्याचे असे निकष २०२२ मध्ये तिथल्या लोकांनी चर्चा करून काढले. म्हणजे वजनकाटे बदलता येतात. प्राध्यापक-संशोधकांसाठी तिथे वेगळे निकष आहेत, कारण त्यांच्यावर वर्तमानपत्रांत फारसं येत नाही, पण त्यांचं काम इतर संशोधक उद्धृत करतात. त्या क्षेत्रात मोठेपणाची खूण काय असते, ते आधी समजून घेतलं आणि मग निकष केला. तमाशात ती खूण कोणती? एकाच लेखकाचे वग तीन-चार वेगळ्या फडांनी उभे केले, वर्षानुवर्षं त्यांना सुपाऱ्या मिळाल्या, आणि अभ्यासकानं त्याची नोंद घेतली, ही ती खूण. हे फडातल्या कुणालाही विचारा. भारूड करणारे, गोंधळी, दशावतारी, पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतले नाटकवाले, प्रत्येकाची खूण वेगळी असेल. मराठी ज्ञानकोशांनी हे निकष स्वतः ठरवायला हवेत. इंग्रजीतून उतरवून ते मिळणार नाहीत, कारण तिथे झाडीपट्टी नाही.

बायकांच्या बाबतीत हे आणखी बोचतं. माहेरचं नाव, सासरचं नाव, रंगमंचावरचं नाव. नावाचा शोध घेता घेता माणूस हरवतो. इंग्रजी विकिपीडियावर २०१५ च्या सुमारास चरित्रनोंदींपैकी पंधरा-सोळा टक्केच स्त्रियांच्या होत्या. 'विमेन इन रेड' नावानं काही लोक त्यामागे लागले, तेव्हा आता कुठे तो आकडा विसाच्या आसपास आलाय. कुणी मुद्दाम बायकांना वगळलं होतं असं नाही. आधीच्या छापील जगात जे नव्हतं, ते पुढे आपोआप वगळलं गेलं.

चौथी तक्रार छोटी आहे, पण मला लागलेली. माझ्या चर्चापानावर प्रश्न आला, "तुम्ही यांच्या नातेवाईक आहात का?" प्रश्न विचारण्यात गैर काही नाही. मी त्याच रात्री उत्तर दिलं : नाही, मी त्यांच्या गावच्या वाचनालयात होते. उत्तराखाली पुढे कुणी काही लिहिलं नाही, आणि सकाळी नोंद नव्हती. विचारायचं असेल तर उत्तर वाचायला थांबावं.

पाचवी : नोंदीबरोबर मजकूरही गेला. मी तो थेट तिथेच टाइप केला होता. संदर्भांची पानं पुन्हा गोळा करायला मला तीन आठवडे लागले, कारण दिवाळी अंकाची प्रत ज्या गृहस्थांकडे होती ते मुलाकडे गेले होते.

आता ज्ञानकोशाच्या आकाराबद्दल एक गोष्ट सांगते, कारण "एवढी माहिती नाही, मग नोंद कशाला" असंही चर्चेत कुणीतरी म्हणालं. आमच्या संदर्भ विभागात सिद्धेश्वरशास्त्री चित्रावांचे चरित्रकोश होते. प्राचीन १९३२ चा, मध्ययुगीन १९३७ चा, अर्वाचीन १९४६ चा. शाळेची मुलं प्रकल्पासाठी यायची तेव्हा मी त्यांना ते काढून द्यायची. त्यांत कित्येक नोंदी चार-पाच ओळींच्या आहेत. जेवढं खात्रीचं मिळालं तेवढं लिहिलं आणि पुढच्या नावाकडे गेले. आमच्याच जिल्ह्यात, वाईला, मराठी विश्वकोशाचं काम चाललं. पहिला खंड १९७६ चा आणि विसाव्याचा उत्तरार्ध यायला २०१५ उजाडलं. त्यांना पानांचा हिशेब होता, छपाईचा खर्च होता, कुणाला घ्यायचं आणि कुणाला सोडायचं हे ठरवावंच लागत होतं. तुम्हाला कागदाची अडचण नाही. तुमची अडचण राखणीची आहे. प्रत्येक नोंदीवर कुणाची तरी नजर हवी, नाहीतर तिथे कुणीही काहीही लिहून जाईल. ती अडचण खरी आहे. पण पाच ओळींच्या, पाच संदर्भांच्या नोंदीची राखण फार जड जात नाही. मास्तरांच्या नोंदीत पाच ओळी राहू द्या. मला पाच पुरेत.

माझ्या मागण्या अशा आहेत.

वगळण्याच्या कारणात "उल्लेखनीय नाही" असं लिहिणं बंद करा. कोणते संदर्भ पाहिले आणि ते का अपुरे वाटले, हे दोन वाक्यांत लिहा.

ज्या नोंदीत छापील संदर्भ तारीख-पानासह दिलेले आहेत, ती किमान सात दिवस ठेवा. प्रचालकाला ते पुस्तक मिळत नसेल तर लिहिणाऱ्याकडे पानाचा फोटो मागा, आणि महाराष्ट्रातल्या वाचनालयांना विचारा. अ, ब, क, ड अशा चारही वर्गांची वाचनालयं गावोगाव आहेत, आणि तिथली माणसं मदत करतात. मी केली असती. दुवा नाही म्हणून संदर्भ नाही, असं धरू नका.

जिल्हा दैनिकं, दिवाळी अंक, विद्यापीठांचे प्रबंध, गौरवग्रंथ, स्मरणिका यांतलं काय चालेल आणि काय नाही, याची एक मराठी यादी चर्चा करून ठरवा आणि सगळ्यांना दिसेल अशी ठेवा. घरच्यांनी काढलेला गौरवग्रंथ चालणार नाही असं ठरलं तर मी आनंदानं मान्य करीन. आज मात्र हे प्रत्येक प्रचालकाच्या त्या दिवशीच्या मतावर अवलंबून आहे.

लोककलावंतांसाठी वेगळे निकष करा आणि ते करताना लोककलेच्या अभ्यासकांना आणि दोन-चार फडकऱ्यांना बोलवा. तोंडी सांगितलेलं पुरावा म्हणून कसं आणि कितपत धरायचं, हेही तिथेच ठरवा. २०११ मध्ये विकिपीडियासाठी मलयाळम, हिंदी आणि दक्षिण आफ्रिकेतल्या सेपेडी भाषेत मुलाखती ध्वनिमुद्रित करून त्यांचा संदर्भ म्हणून वापर करण्याचा प्रयोग झालेला आहे. माझं मत विचाराल तर केवळ तोंडी आधारावर नोंद उभी करू नये, पण छापील आधार असेल तर तपशील भरायला मुलाखत चालावी. यावर कुणाचं वेगळं मत असेल तर मला ऐकायचं आहे.

नोंद वगळायचीच असेल तर मजकूर लिहिणाऱ्याच्या मसुद्यात हलवा. पुसून टाकू नका.

आणि राजकारणी, मालिकांतले कलाकार, खेळाडू यांच्या ज्या नोंदी आज एका संदर्भावर उभ्या आहेत, त्यांना हीच कसोटी लावा.

हे पत्र मी उघड लिहिते आहे, कारण ते फक्त तुमच्यासाठी नाही. वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी जुने दिवाळी अंक असतील, कुणाच्या वाचनालयाच्या माळ्यावर फायली असतील, कुणी तमाशावर, भजनीमंडळांवर, गावच्या नाट्यमंडळांवर प्रबंध लिहून कपाटात ठेवला असेल. रद्दीवाल्याला बोलवायच्या आधी एकदा चाळा. प्रचालकांकडे जे नाही, ते तुमच्याकडे आहे.

मास्तरांची नोंद मी पुन्हा लिहिली आहे. "तेजस्वी तारा" काढला. ऐकीव फडाचं नाव काढलं. संदर्भांच्या पानांचे फोटो काढून ठेवलेत, मागाल तेव्हा पाठवीन. येत्या १ तारखेला मी ती पुन्हा टाकणार आहे, आणि या वेळी सात दिवस चर्चेसाठी रोज रात्री नऊ ते अकरा हजर राहणार आहे.

सुनेच्या घरी पत्र्याच्या एका ट्रंकेत मास्तरांच्या अकरा वह्या आहेत. फडाच्या पेटीतली बाडं गेली, पण त्यांनी घरी कच्च्या प्रती लिहून ठेवल्या होत्या, हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. परवा ट्रंक उघडली तेव्हा तळाच्या दोन वह्यांना वाळवी लागलेली होती. कडेची अक्षरं गेली आहेत, मधलं वाचता येतं. त्यांचा नोंदीसाठी संदर्भ म्हणून उपयोग नाही, मला माहीत आहे. रविवारी मी आणि माझा नातू त्यांचे पानन् पान फोटो काढायला जाणार आहोत.

आपली,
एक निवृत्त ग्रंथपाल
जिल्हा सातारा